बाईंचा अंगठा

एतेल्विनाबाई औषधांच्या दुकानात शिरल्या, तशी रांग आपोआप सरळ झाली. गवंडी वॉशिंग्टनने डोक्यावरची टोपी काढून पाठीमागे धरली. खाटीक नेल्सनने शर्ट खोचला. उरुग्वेच्या उत्तरेकडच्या त्या लहानशा गावात शाळेत बाईंची बोलणी खाल्ल्याशिवाय कुणी मोठं झालेलं नव्हतं.

गल्ल्यामागे झुल्माने मान खाली घातली. दुकान तिचं. सरकारमान्य गांजाची पाकिटं तिने विकायला ठेवली, तेव्हा विरोधात गावभर सह्या गोळा केल्या त्या याच बाईंनी. आणि तिची जिवाभावाची मैत्रीणही हीच. रोज दुपारी दोघी गल्ल्याआड बसत आणि येर्बाच्या कडू पाल्याचा काढा एकाच तुंब्यातून, एकाच नळीने आळीपाळीने पीत. शेवटच्या दुपारी बाईंनी पहिल्याच घोटानंतर तुंबा परत करत "आभारी आहे" म्हटलं होतं. आता माझ्यासाठी भरू नकोस, असं सांगायचं असलं की गावात तसं म्हणतात. एरवी तुंबा न बोलता परत द्यायचा. त्या दिवसापासून झुल्मा एकटीच पीत होती, आणि एकटीला तो नुसताच कडू लागत होता.

"बाई, पुढे या ना," वॉशिंग्टन म्हणाला.

"रांग म्हणजे रांग," म्हणत बाई नेल्सनच्या मागे उभ्या राहिल्या.

नेल्सनला घाम फुटला. "बाई, मी आपला खोकल्याच्या औषधाला आलोय."

"खोकल्याचं औषध पलीकडच्या खिडकीवर मिळतं. ही रांग कशाची आहे ते कळतं मला. टपाल कचेरीत नाव नोंदवून आलेय."

सगळ्यांच्या माना वळल्या. नाव नोंदवल्याशिवाय इथलं पाकीट मिळत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वॉशिंग्टनला पाकीट मिळालं, तरी तो दारातच रेंगाळला. नेल्सनने आपलं घेतलं आणि तोही तिथेच थांबला. बाई पुढे आल्या. झुल्माने मान वर न करता यंत्र पुढे सरकवलं.

"अंगठा ठेव."

"जन्मभर पोरांना सही शिकवली, आणि म्हातारपणी मीच अंगठेबहाद्दर झाले," बाई पुटपुटल्या.

लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. खडू धरून धरून अंगठा गुळगुळीत झाला होता.

"कपाळाला घासा, बाई," वॉशिंग्टन दारातून म्हणाला. "माझा विटांनी झिजलाय. मी तसंच करतो."

बाईंनी सगळ्यांदेखत अंगठा कपाळाला घासला. या खेपेला दिवा हिरवा झाला.

झुल्माने पाकीट काढलं, पण हातातच ठेवलं. "आणि त्या सह्या? गावभर माझी अब्रू काढलीस, त्याचं काय?"

"माझं मत अजून तेच आहे. असली वस्तू दुकानात नको. पण गुडघे माझं ऐकत नाहीत." बाईंनी आवाज खाली आणला. "इतकी वर्षं पुलाखालच्या रुबेनकडून घेत होते, झुल्मा. तू उघड विकायला लागलीस, की मलाही उघड घ्यावं लागणार. त्याचीच भीती होती मला."

झुल्माने पाकीट गल्ल्यावर ठेवलं. राग यायला हवा होता. आला तोही थोडासाच.

"मग जायचंस ना रुबेनकडेच."

"वजनात मारतो मेला. गणितात कच्चा म्हणून मीच शिकवायचं सोडून दिलं होतं त्याला." बाईंनी गल्ल्याआड नजर टाकली. "आणि त्याच्याकडे बसायला खुर्ची नाही."

दारात वॉशिंग्टन आणि नेल्सन जमिनीकडे बघत हसू दाबत होते. बाईंनी मान वळवली मात्र, दोघेही वर्गातून सुटल्यासारखे पळाले.

झुल्माने गल्ल्याआडची खुर्ची ओढली. थर्मासमधलं गरम पाणी तिने तुंब्यात ओतलं आणि तुंबा बाईंच्या हातात दिला. बाई गुडघा धरत बसल्या, नळी तोंडात धरली आणि तळाशी गुरगुर होईपर्यंत सावकाश प्यायल्या. झुल्मा त्यांच्या ओठांकडे बघत होती.

बाईंनी तुंबा पुढे केला. ओठ घट्ट मिटलेले होते.

झुल्माने पुन्हा थर्मास उचलला.