स्वावलंबी इमारत

“एक पाटी शेणसुद्धा त्याच्या टाकीत पडता कामा न्हाय,” शिवगंगेनं बजावलं, आणि जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या.

माना डोलवायला काही जात नव्हतं. गावात शेणच नव्हतं. दुष्काळानं बरीचशी जनावरं जळकोटच्या छावणीत गेली होती, आणि जी उरली होती ती इतकं कमी खायची, की शेण टाकणं त्यांनी जवळजवळ बंदच केलं होतं. तरी जे काही पडेल ते चेअरमन नानासाहेबांच्या गोबर गॅसला द्यायचं, असा दूध संस्थेचा ठराव होता. शिवगंगेनं शेणाच्या गोवऱ्या थापल्या आणि त्या ठरावासकट चुलीत घातल्या.

विजेचे खांब आधी विरोधकाच्या गावात गेले, तेव्हापासून नानासाहेब पेटले होते. संस्थेची नवी इमारत बांधायला काढली तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, “खांब नको, तार नको. गॅसवर दिवे, गॅसवर शेगडी, पाण्याला पवनचक्की. आपली इमारत उजेडासाठी कुणाच्या दारात जाणार न्हाय!” पवनचक्की तर उभीही राहिली. खाली विहिरीत पाणी नव्हतं, तेवढी एक बाब सोडली तर ती उत्तम चालली होती.

शिवगंगेचा राग मात्र इमारतीहून जुना होता. मागच्या दुष्काळात सासू तापानं फणफणलेली, म्हणून तिनं टँकरखाली रांग मोडून घागर धरली होती. नानासाहेबांनी ती लाथेनं उलथवली. पाणी मातीत गेलं. “रांग मोडून शेण खाल्लंस का गं?” असं चारचौघांत वर विचारलं. सासूला ते पाणी मिळालं नाही. पुढं तिला पाण्याची गरजच उरली नाही.

पोचा आलेली ती घागर शिवगंगेनं ठोकून घेतली नव्हती. येताजाता दिसेल अशी उंबऱ्यापाशी ठेवली होती. “एक दिवस त्यालाच शेण खायला लावीन,” असं ती त्या घागरीला रोज सांगायची.

आणि तिचा नवरा बंडप्पा गवंडी त्याच नानासाहेबांच्या गॅसची टाकी बांधत होता.

“अवं, आई तुमची होती,” ती म्हणायची.

“व्हय,” बंडप्पा म्हणायचा आणि थापीनं माल ओढायचा.

एवढ्यानं भागलं नाही. इमारतीला लागूनच नानासाहेबांचा बंगला होता, त्याच्या नव्या संडासाचं कामही बंडप्पानंच घेतलं. शिवगंगा भाकरी घेऊन गेली, तेव्हा नानासाहेब चौकशी करत उभे होते.

“बंडप्पा, सगळी घाण जमिनीत जिरली पायजे. शोषखड्डा चांगला खोल घे. बंगल्यावर माणसांचा राबता लई हाय.”

“काळजी नको साहेब. तुमच्या हयातीत खड्डा भरायचा न्हाय.”

“शाबास!”

शिवगंगेनं भाकरी दगडावर आपटली आणि तरातरा परत गेली.

राबता होता हे मात्र खरं. दुष्काळ निवारणाच्या सगळ्या बैठका बंगल्यावर व्हायच्या. दुपारी मटण, संध्याकाळी पुरणपोळी. दुष्काळ हटत नव्हता, पण निवारणात खंड नव्हता.

इकडं शेण कालवायचा हौद कोरडा ठणठणीत पडला. ठराव झाला म्हणजे शेण पडलंच, असं धरून नानासाहेब तिकडं फिरकलेही नाहीत. शिवगंगा रोज तिकडून फेरी मारायची आणि हौदाला तडे गेलेले पाहून पोट भरायची. टाकी जमिनीत गाडलेली, आतलं कुणाला दिसायचं नाही. पण हौदात काही नाही तर टाकीत काय असणार? उद्घाटनाला सारा तालुका यायचा होता. त्या साऱ्यांसमोर नानासाहेब काडी ओढणार आणि दिवा लागणार नाही. शिवगंगेला यापेक्षा अधिक काही नको होतं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी ती लग्नातलं इरकल नेसून पुढं बसली. अंधार पाहायला इतकी नटून आलेली तिथं ती एकटीच होती.

नानासाहेबांनी चावी फिरवली. काडी ओढली.

भक्कन दिवा लागला. मग दुसरा. मग सगळी इमारतच उजळली. टाळ्या थांबेनात. त्या उजेडात शिवगंगेला लांब भिंतीला टेकलेला बंडप्पा दिसला. तोही टाळ्या वाजवत होता. सगळ्यांत जोरात.

शेगडी पेटली, शिरा झाला. पहिलं ताट अर्थातच नानासाहेबांचं. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले, आणि बोटं चाटत म्हणाले, “चव काय न्यारीच हाय! मंडळी, ही इमारत स्वावलंबी हाय. हितं बाहेरचं काय बी न्हाय. जे हाय ते सगळं आपलं स्वतःचं!”

शिवगंगा उठली. गर्दीतून वाट काढत बंडप्पापाशी गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तापल्या तव्यासारखा.

“गावातल्या बायांनी माझ्या शब्दाखातर एक पाटी दिली न्हाय, आन् तुमी, त्या माउलीच्या पोटच्या लेकानं, त्याची टाकी भरली? कुणाच्या गोठ्यातनं आणलंत शेण?”

बंडप्पा नानासाहेबांच्या ताटाकडं बघत होता. नानासाहेबांनी शिरा दुसऱ्यांदा वाढून घेतला, त्यावर तूप ओतून घेतलं, मोठा घास तोंडात घातला. मग बंडप्पा हळूच म्हणाला,

“शेण कुठलं, शिवगंगे? बंगल्याच्या संडासाला म्या शोषखड्डा खणलाच न्हाय.”