अंजनाने घडविलेली गौर

सुज्ञ वाचकहो, सन १९७४ च्या श्रावणात मेढ्याच्या कुंभारआळीत घडलेला एक लहानसा प्रसंग आपणांपुढे यथामती निवेदन करीत आहे.

आकाराम कुंभार आपल्या पडवीत बसवून आळीतील लेकीसुनांस गौरीचे शाडूचे मुखवटे घडविण्यास शिकवीत असत. राहीबाईंनी आपल्या सुनेस, अंजनास, एकाच अटीवर तेथे धाडले होते. मुखवटा देखणा झाला तरच पुढे शिकायचे, नाहीतर आपली चूल बरी!

अंजनाने जीव ओतून मुखवटा घडविला. परंतु चढलेल्या भुवया आणि मुरडलेले ओठ घेऊन साक्षात राहीबाईच मातीत अवतरल्या!

"आवं आकारामदादा, ह्या तर आमच्या आत्याबाईच झाल्या की! संपलं माझं शिकणं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"गप ऱ्हा पोरी. सवताचं तोंड कुणाला वळखू येत न्हाई," आकाराम हळूच म्हणाले.

तेवढ्यात राहीबाईच दारात येऊन ठाकल्या आणि मुखवट्याकडे टक लावून पाहू लागल्या.


मग त्यांनी लगबगीने डोईवर पदर ओढला आणि सुनेच्या कानाशी लागून म्हणाल्या, "आगं बया, ही तर हुबेहूब माझी सासू! हिला हितंच ऱ्हाऊ दे, अन् उद्या येऊन दुसरी घडव!"

वाचनाचे श्रम घेतल्याबद्दल आपणां सर्वांचा आभारी,
धोंडिराम नाथाजी शेलार, मेढा