एकशे ऐंशी रात्री

“बाणूबाई पि…” इथवर लिहून गुरुपादय्या मास्तरांचा टाक थांबला. चावडीच्या ओट्यावरून श्रीपतराव पाटील म्हणाले होते, “तिचं कामून लिवायलात मास्तर? ती या गावची न्हाई.”

निजामाची राजवट जाऊन तीन महिने होत आले होते. आता देशाबरोबर मुडबी गावालाही मत मिळणार होतं. त्याची पहिली यादी करायला मास्तर तालुक्याहून आले होते. सकाळपासून त्यांनी पाऊणशे नावं लिहिली, एकावरही कुणी बोट ठेवलं नव्हतं.

बाणूबाई उन्हात उभी होती. चाळिशीची बाई, खांद्यावर बापाचं घोंगडं.

“मग कुठली म्हणायची मी?” तिनं विचारलं.

“धनगराला गाव असतंय व्हय? सोलापूरच्या पलीकडनं आलाव, इंग्रजी मुलखातनं. उद्या मेंढरं हाकून जाशील. आज आमची म्हणून लिवली, तर उद्या गायरानात वाटा मागशील.”

“मागीन की. तुमच्या म्हशी काय कागद दाखवून चरायल्यात?”

चावडीत दोघं-तिघं हसले. पाटील हसले नाहीत.

मास्तरांनी नियमाचं पान काढून वाचलं. “या वर्षात जो एकशे ऐंशी दिवस गावात राहिला, तो गावचा. कुठून आला ते विचारायचं नाही. पण बाई, तुम्हाला ना घर, ना दार. दिवस मोजायचे कशावर? पाटील, किती दिवस होती ही?”

“असंल तीन-चार महिनं,” पाटील म्हणाले, आणि पायातल्या वहाणेकडे बघत बसले.

खरं तर त्या वर्षी रझाकारांच्या धास्तीनं सगळ्या वाटा बंद होत्या. शिवरात्रीला आलेला कळप गणपतीपर्यंत हलला नव्हता. रोज रात्री तो पाटलांच्याच उतरणीच्या रानात बसत होता. बाणूबाईला यातलं काहीच बोलावंसं वाटलं नाही. बाप गेल्यापासून ती जेवढ्यास तेवढंच बोलायची. एक मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिचा बाप पिराप्पा म्हणायचा, ह्या गावानं आपल्या लेंड्या घेतल्या, नाव कधी घेतलं न्हाई.

“मास्तर, उठा,” ती म्हणाली. “माळावर चला. तिथं दावते.”

मास्तर उठले. करमणूक होईल म्हणून पाटीलही निघाले. लाल मुरमाचा माळ चढताना पाटलांच्या तोंडाला खळ नव्हती. ज्वारी अजून पोटरीत होती, कणसं बाहेर पडायची होती, तरी डोक्याला लागत होती. “पंचक्रोशीत असं रान न्हाई मास्तर. ते बाभळीजवळचं बघा, हत्ती लपंल त्यात! माझ्या बियाण्याचा गुण.”

वर पोचल्यावर बाणूबाईनं खाली बोट दाखवलं. “बघा.”

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. खालचं रान एका रंगाचं नव्हतं. वाकळेला ठिगळं लावावीत तसे त्यात गडद हिरवे चौकोन होते, एकाला लागून एक, ओळीनं. दोन चौकोनांच्या मध्ये फिकी पट्टी.

“हे काय आहे?”

“एक चौकोन म्हंजी एक रात. सांजच्याला मेंढरांभवती वाघर लावायची, हे एवढं जाळं. सकाळी उपसायची, दुसऱ्या सांजंला फुडं लावायची. जिथं मेंढरं बसली तिथं खत. मधली पट्टी आप्पाची. बाकीचे धनगर जाळ्याला जाळं भिडवत्यात. आप्पा एक पाऊल सोडायचा. त्यात घोंगडं टाकून निजायचा. त्याच्यामागं मीबी तसंच केलं.”

मास्तर खाली बसले. मांडीवर कागद घेऊन त्यांनी दर चौकोनाला एक रेघ ओढली. दोनदा चुकले, दोनदा पहिल्यापासून मोजलं. स्वतःचंच पीक पाटील पहिल्यांदा बघत असल्यासारखे बघत होते.

“एकशे सत्त्याहत्तर,” मास्तर अखेर म्हणाले. त्यांचाच आवाज पडला होता. “बाई, तीन कमी.”

पाटलांना सूर सापडला. “बघा! मी काय म्हणत हुतो? नेम म्हंजी नेम.”

बाणूबाई जागची हलली नाही. “बाभळीजवळचा किती धरलाव?”

“एक. एकच तर आहे तो.”

“नीट बघा की.”

मास्तरांनी पाहिलं. तो चौकोन आकारानं बाकीच्यांएवढाच होता. पण तिथली ज्वारी हिरवी नव्हती, काळीभोर होती. शेजारच्या ज्वारीपेक्षा हातभर उंच.

“तिथं एका रातीचं खत न्हाई,” बाणूबाई म्हणाली. “वैशाखात आप्पा गेला. वाघर उपसायला माझे हात उठंनात. मेंढरं दिसा चरून यायची अन् तिथंच बसायची.”

मास्तरांनी पेन्सिल टेकवली. त्यांना रेघ ओढायची होती, पण किती ओढायच्या ते कळत नव्हतं. “किती रात्री, बाई?”

बाणूबाईनं बोटं मोजायला घेतली, दोनावरच सोडली. सकाळपासून पहिल्यांदा तिनं मान वळवली.

पाटील बाभळीकडे बघत होते. बघता बघता त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

“पाच,” ते म्हणाले. “लिवा मास्तर. रानात रोज फेरी असायची माझी. मातीलाबी मी हुतो.”