कारणाचा रकाना

“सुफेन, सर्व्हरवरचं खाऊचं पाकीट शिळं झालंय वाटतं. तुझं यंत्र मला चोर समजतंय,” ल्याओसाहेब फोनवर कुरकुरले. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडच्या समजुतीप्रमाणे आम्ही त्यावर ते हिरवं पाकीट ठेवतो. मी तारीख पाहिली. पाकीट ताजं होतं. सर्व्हरनं मात्र साहेबांचं लॉगिन अडवलं होतं: अनोळखी जागा, सलग तिसरा सोमवार. जागेचं नावही दिसत होतं, कर्करोग रुग्णालय. ऑफिसात सगळे म्हणायचे, “साहेब ग्राहकाकडे गेलेत,” आणि त्यांच्या नव्या टोपीकडे बघणं टाळायचे. “उघडते, साहेब. कारण ‘ग्राहकभेट’ लिहू?” “तेवढ्यानं भागेल?” “आजच्यापुरतं. पुढच्या सोमवारी परत अडवेल. पुढचीही मुभा हवी तर खरं कारण लागतं.” “अगदी माझ्या बायकोसारखं आहे तुझं यंत्र.” ते हसले. “लिही, अजून सहा सोमवार. कारण, मला कॅन्सर झालाय.”