ट्रॉली मागे घेण्याचा पाठ

"दाखला परत हवाय? घ्या की. सकाळपासून तुम्ही दुसरे," ऑफिसातले रामदास डोकं वर न करता म्हणाले. "पण प्राचार्यांची सही लागते आणि प्राचार्य मीटिंगमध्ये आहेत. तोवर वर्गात बसा. फी भरलीच आहे, पंख्याची हवा तरी खा."

रणजितने अर्जाची घडी करून खिशात घातली. बी.एड.ची सीईटी त्याने हसतखेळत पार केली होती. कॉलेजही पहिल्याच फेरीत मिळालं होतं. आंबेगावात वडिलांनी, संभाजीरावांनी, घरोघर पेढे वाटले होते. "आपल्या घरातला पयला मास्तर हाय ह्यो," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले होते. आणि पेढे संपायच्या आत चिरंजीव दाखला काढायला हजर झाले होते.

कारण एकच होतं आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. मित्रांच्या कट्ट्यावर रणजितसमोर बोलायची कुणाची टाप नव्हती. पण चार अनोळखी माणसांपुढे उभं केलं की त्याची दातखीळ बसायची. शाळेतल्या भाषणात ‘आदरणीय’च्या पुढे गाडी सरकली नव्हती. तेव्हाचं मुलांचं हसणं अजून त्याच्या कानात होतं. परवा वेळापत्रकात सराव पाठांचे तास पाहिले आणि त्याने तिथेच अर्ज लिहायला घेतला. कात्रजला चुलतभावाच्या साइट ऑफिसात नोकरी तयार होती. तिथे फक्त फोनवर बोलायचं होतं.

"पहिला तास सुनीती मॅडमचा आहे," रामदास मागून म्हणाले. "चाललोय असं त्यांना सांगू नका. कुणाला सोडत नाहीत त्या."

रणजित दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला. वर्गात तेवढीच दोन माणसांची जागा उरली होती. सगळे नवे, सगळे एकमेकांना चोरून न्याहाळत होते.

तेवढ्यात दारात कडक इस्त्रीची सुती साडी उभी राहिली. कानाजवळ पिकलेले केस, नाकावर उतरलेला चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. शिक्षक व्हायला निघालेला अख्खा वर्ग खाडकन उभा राहिला.

"गुड मॉर्निंग, मॅडम!"

बाई थबकल्या. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. मग वर्गावरून नजर फिरवली, सावकाश पुढे गेल्या आणि पिशवी टेबलावर ठेवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "छान वाटलं."

"मॅडम, हजेरी?" पुढच्या बाकावरच्या उत्कर्षाने विचारलं. सगळ्या वर्गांत अशी एक असतेच.

"घेणारे घेतील. आलात ते दिसतंय मला."

"मग पुस्तक कुठलं वापरायचं?"

"आज पुस्तक नको. ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं." बाईंची नजर मागे गेली. "तुम्ही, दाराजवळचे. पळायच्या तयारीत बसलेले. नाव काय?"

नाव सांगून रणजित पुढे गेला. खडू फळ्याच्या कडेलाच होता, पण बाईंनी तो आधी टेबलाच्या खणात शोधला आणि मग त्याच्या हातात दिला. वय झालं असेल, तो मनात म्हणाला.

"मला काही येत नाही, मॅडम."

"घरी काय करता?"

"थोडी शेती राहिलीये. ट्रॅक्टर चालवतो."

"ट्रॉली जोडून मागे घेता येतो? आमच्या खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाळूची ट्रॉली यायची. ड्रायव्हर स्टीअरिंग उलटंच फिरवायचा. का हो?"

रणजितने तोंड उघडलं. मग त्याची नजर बाकांकडे गेली. कुणीतरी खोकलं.

"त्यांच्याकडे बघू नका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला सांगा. मला खरंच माहीत नाही."

त्याने डस्टर उचललं. हा ट्रॅक्टर. ट्रॉलीला काही सापडेना, तेव्हा खिशातला घडी केलेला अर्ज त्याने डस्टरच्या मागे लावला.

"ट्रॉली डावीकडं न्यायची हाय ना, मग स्टीअरिंग उजवीकडं मारायचं."

"म्हणजे डावीकडेच."

"न्हाय ओ मॅडम, उलटं! ट्रॅक्टरचं ढुंगण उजवीकडं गेलं, की ट्रॉलीचं..."

वर्ग खो खो हसला. रणजित दचकला, आणि मग तोही हसला. हे हसणं शाळेतल्यासारखं नव्हतं.

बाई पुन्हा चुकल्या. मग त्याने डस्टर त्यांच्या हातात दिलं, कागद स्वतः धरला आणि दोघांनी मिळून ती ट्रॉली टेबलाच्या कडेला सुखरूप लावली.

"अगं बाई, कळलं की!" त्या शाळकरी मुलीसारख्या ओरडल्या.

आपल्याला येणारी गोष्ट दुसऱ्याच्या डोक्यात शिरताना रणजितने डोळ्यांनी पाहिली. इतका आनंद त्याला सीईटीच्या निकालानेही झाला नव्हता. जागेवर येऊन त्याने फोन पाहिला. चुलतभावाचा मेसेज होता: ‘दाखला काढला का?’

‘न्हाय,’ त्याने लिहिलं. ‘मास्तर व्हायचं ठरलंय.’

एवढ्यात दार धाडकन उघडलं. जीन्स, कुर्ता, हातात हेल्मेट, तोंडावरचा स्कार्फ सोडवत एक तरुण मुलगी धापा टाकत आत आली.

"सॉरी, सॉरी! स्वारगेटला अडकले. बसा, उठू नका." कुणी उठलंच नव्हतं. "मी सुनीती. पहिला तास माझा."

वर्गाने फळ्याकडे पाहिलं. तिथल्या बाईंनी शांतपणे हाताला लागलेला खडू झटकला, पिशवी खांद्याला लावली आणि टेबलावर राहिलेला तो अर्ज घेऊन त्या शेवटच्या बाकापाशी आल्या. अर्जाची घडी एव्हाना उलगडली होती. त्यांनी तो रणजितपुढे ठेवला.

"सरका जरा," त्या कुजबुजल्या. "दाखला काढायला तर मीही आले होते."