रुझायचे झगे

इनास दर नाताळाला खाणीवरचा सगळा बोनस उधळून बायकोसाठी म्हापशाहून रेशमी झगा आणायचा. "जेजू गोठ्यात जल्मलो, आनी माका रेशीम कित्याक रे?" म्हणत रुझाय तो घडी घालून ठेवायची. अंगावर कधीच घालायची नाही. आपलं काहीच तिला आवडत नाही, हे त्याला सलायचं. गोवा राज्य झालं त्या वर्षी ती गेली.

त्या नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मिसेला इनासला पुढच्या बाकावर पाठमोरा, रुझायचा निळा झगा दिसला. पलीकडे तिचा हिरवा होता, त्यापुढे गुलाबी. कुणाला सैल, कुणाला आखूड.

निळ्या झग्यातली, दारोदार मासे विकणारी पावलीन मागे वळली.

"रुझायन एकेकीक दिल्यान, इनासबाब. पण सांगल्यान, मी जिती आसा तवसर घालू नकात, इनासाक वायट वाटतला."