‘काही नाही’चा रकाना

खिडकीजवळच्या खुर्चीत बसून संशोधकानं चाळिसावा तक्ता उघडला. दर पाच मिनिटांनी एक खूण. रकाने चार: बोलणे, हसणे, स्पर्श, काही नाही. पहिल्या दिवशी वृद्धाश्रमातली ही मंडळी जरा बडबडली होती, ते त्यानं झरझर टिपलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या खुणा शेवटच्या रकान्यात, मुंग्यांच्या रांगेसारख्या.

त्याला हेच हवं होतं. ‘म्हातारपणातली संवादशून्यता’ हा त्याचा प्रबंध. आजचा तास भरला की पदवी पदरात. विचारायचं नाही, मधे पडायचं नाही, नुसतं बघायचं. पण बघण्यासारखं तरी काय होतं? यांच्यापेक्षा दगड बरे, त्यांच्यावर निदान शेवाळ तरी धरतं.

मॅनेजरबाईंनी पहिल्या दिवशी त्याची ओळख एका वाक्यात उरकली होती: “हे रोज तासभर निरीक्षणासाठी येतील, यांना त्रास देऊ नका.” तेवढंही या डोक्यांत शिरलं असेल का, देव जाणे.

तो आला की विणणाऱ्या आजी सुया उशीखाली सरकवत. ‘चोरीचा संशय,’ त्यानं समासात लिहिलं होतं. म्हातारा शिंपी कात्री मांडीखाली घेऊन बसे. ‘चिक्कू.’ सगळ्यांना चहा काचेच्या ग्लासात, त्याला मात्र प्लास्टिकच्या पेल्यात. ‘परक्याविषयी तुच्छता.’ तुच्छता! आणि ती यांनी दाखवायची!

“गरम... आहे... हं,” मावशी चहा देताना एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. रोज अशाच बोलत. ‘मंदबुद्धी,’ हे तर त्यानं दुसऱ्याच दिवशी लिहून टाकलं होतं.

पाच वाजले. फाटकावर बायकोच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. घरात गाडी एकच, म्हणून सोडणं-आणणं तिच्याकडे. सोडताना ती रोज थट्टेनं ओरडायची, “शहाण्यासारखा बस हं! पाचला न्यायला येते.”

“उद्यापासून मी येणार नाही,” तो उठत म्हणाला.

शिंप्याचे डोळे भरून आले. “ऐकून फार बरं वाटलं रे, बाळा.”

‘कृतघ्न,’ त्यानं शेवटची नोंद केली आणि बाहेर पडला.

स्कूटरवर बसताना आठवलं, पेन खुर्चीतच राहिलं. तो माघारी वळला. दारापाशी पोचतो तोच आतून हास्याचा लोट आला. कुणी तोंडानं ढोलकी वाजवत होतं, कुणी गात होतं, मावशी सगळ्यांत वरच्या पट्टीत, घडाघडा बोलत होत्या. चाळीस तक्ते काखेत धरून तो दाराशी थिजला.

“हळू, मेल्यांनो, हळू!” आजी सुया खुळखुळवत दटावत होत्या. “अजून फाटकातच असेल तो. निरीक्षणासाठी आणतात ना त्याला? आत्ता कुठे सुधारतोय गरीब, आणि कुणी बोललं की पुन्हा लिहीत सुटायचा!”